वाढत्या अंगाची हॉकी

आमच्या लहानपणी मुलांसाठी घेतलेली कुठलीही वस्तू मुलांच्या मापाची नसे. ती मुलांच्या भवितव्याच्या मापाची असे. शिंप्याकडे गेलं की अण्णा, म्हणजे आमचे वडील, एकच सूचना देत, "वाढत्या अंगाचा शिवा हो." शिंपीही इतका आज्ञाधारक, की पहिल्या वर्षी त्या शर्टात मी आणि धाकटा भाऊ असे दोघेही एकदम मावलो असतो. दुसऱ्या वर्षी तो शर्ट जरा माणसात येई. तिसऱ्या वर्षी तो मला अगदी बेतून शिवल्यासारखा बसे, आणि नेमका त्याच वर्षी धाकट्याकडे जाई. चपलांना टाचेमागे दोन बोटं जागा सोडलेली. जिना उतरताना आधी मी खाली पोचायचो आणि मागून चपला यायच्या. सायकल घेतली तीही मोठ्या माणसाची. तीन वर्षं मी ती नळीखालून पाय घालून चालवली. समोरून पाहणाऱ्याला वाटे, की सायकल एकटीच चालली आहे आणि तिच्या पोटाला काहीतरी लोंबतं आहे.

या कशाबद्दलही माझी तक्रार नाही. ढगळ शर्टामुळे कोणाचं आयुष्य फुकट गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तक्रार होती ती एकाच वस्तूबद्दल. अण्णांनी मला घेऊन दिलेल्या हॉकी स्टिकबद्दल. ही तक्रार मी पन्नास वर्षं लोणच्यासारखी मुरवत ठेवली होती. परवा नातीसाठी स्टिक घ्यायला गेलो आणि बरणी दुकानातच फुटली.

मुळात आमच्या घराण्याचा आणि हॉकीचा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पुण्यातल्या पेठेत, वाड्यात राहणारी माणसं आम्ही. आमच्या अंगणात क्रिकेट मावत नसे, तिथे हॉकी कुठून मावणार? हॉकी म्हणजे खडकीकडची, लष्कराकडची गोष्ट. आमच्याकडे ती आली रेडिओतून. १५ मार्च १९७५, शनिवार. क्वालालंपूरला विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध पाकिस्तान. वाड्यातला मोठा रेडिओ मालकांचा. एरवी भाडेकरूंना मालकांचा उंबरा पहिल्या तारखेपुरताच मोकळा असे. त्या दिवशी मात्र आम्ही थेट त्यांच्या दिवाणखान्यात, सतरंजीवर. जसदेव सिंगांचं हिंदी धावतं वर्णन चाललेलं. ते धावतं म्हणजे खरोखरच धावतं. चेंडू कोणाकडे आहे हे आम्हाला कळेपर्यंत तो तिसऱ्याकडे गेलेला असे. पहिला गोल पाकिस्ताननं केला तेव्हा मालकांनी रेडिओ बंद करायला हात पुढे केला होता. विजेचं बिल त्यांचं होतं. मग सुरजितसिंगनं बरोबरी साधली आणि अशोककुमारनं दुसरा गोल मारला. अशोककुमार म्हणजे साक्षात ध्यानचंदांचे चिरंजीव, ही माहिती अण्णांनी अशा सुरात दिली, की जणू त्याच्या बारशाच्या घुगऱ्या त्यांनी खाल्ल्या होत्या. भारत दोन, पाकिस्तान एक. मालकांनी स्वखर्चानं पेढे आणले. वाड्याच्या इतिहासात विश्वचषकापेक्षा ही घटना मोठी मानली जाते.

दुसऱ्या दिवशी रविवार. वाड्यातली एकूण एक पोरं हॉकीपटू म्हणूनच जागी झाली. हॉकीची काठी खाली वाकडी असते, एवढंच ज्ञान आम्हाला होतं. घरात शोधाशोध केली तेव्हा खाली नाही, पण वर वाकडी अशी एकच वस्तू सापडली. आजोबांची छत्री. ती उलटी धरली की झाली हॉकी. एकानं दारामागचा अडसर आणला, एकानं धुण्याचं धोपाटणं, एकानं पतंग काढायची बांबूची काठी. मोज्यात चिंध्या कोंबून चेंडू केला. सामना दहा मिनिटं चालला. अकराव्या मिनिटाला छत्रीची मूठ एका बाजूला, काड्या दुसऱ्या बाजूला आणि मी तिसऱ्या बाजूला पळत होतो. मार्च महिन्यात छत्री लागतेच कशाला, हा माझा बचाव आजोबांनी ऐकून घेतला नाही. त्यांची छत्री पावसासाठी नव्हतीच. ती त्यांची प्रतिष्ठा होती, आणि प्रतिष्ठेला ऋतू नसतो.

रात्री अण्णांनी निकाल दिला. "दर रविवारी एक छत्री परवडायची नाही. त्यापेक्षा हॉकी घेऊ."

दुकानदारानं चष्म्यावरून आमच्याकडे पाहून पहिला प्रश्न केला, "खेळायला हवीय ना?" हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. आपल्याकडे हॉकी स्टिक घेणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत, आणि त्यातला खेळणाऱ्यांचा वर्ग लहान आहे. आजही वर्तमानपत्रात हॉकी स्टिक भेटते ती खेळाच्या पानापेक्षा 'किरकोळ वादातून मारहाण' या मथळ्याखालीच जास्त. हिंदी चित्रपटातल्या कॉलेजची हॉकी टीम मैदानावर गेलेली तर मी कधीच पाहिली नाही. ती हातात स्टिका घेऊन सरळ कँटीनमध्ये येते. "मुलगा खेळणार आहे," असं म्हणून अण्णांनी पुरावा म्हणून मला पुढे केलं. दहा-अकरा वर्षांचं, सव्वाचार फुटांचं, ढगळ शर्टातलं ते पात्र पाहून दुकानदाराची खात्री पटली.

तो माणूस जाणकार निघाला. म्हणाला, "हा खालचा वाकडा भाग तुतीच्या लाकडाचा. तुती चिवट. वाफेवर धरून वाकवली तरी चिरत नाही. दांडा वेताचा, मध्ये रबराच्या पट्ट्या, म्हणजे फटक्यानं हाताला झिणझिण्या येत नाहीत. पूर्वी ह्या सियालकोटहून यायच्या. १९४७ साली फाळणी झाली आणि कारागीर जालंधरला आले. गाव सुटलं, पण हातातलं कसब कोण काढून घेणार? आता जालंधर आणि मीरत." मग त्यानं लाकडावरच्या रेषा दाखवल्या. लाकूड वळतं तिथे रेषाही त्याच्याबरोबर वळल्या पाहिजेत. मध्येच तुटलेल्या दिसल्या तर ती काठी कितीही चकाकू दे, कधीतरी तिथेच दगा देणार. अण्णांनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि मग आपल्या पद्धतीनं परीक्षा केली. एक स्टिक उचलून नारळासारखी कानाशी वाजवली. एका डोळ्यानं तिच्या लांबीवरून नजर टाकली. दोन्ही हातांत तोलली. मंडईत वांगी निवडतानाही ते एवढंच करत, फक्त वांगी कानाशी धरत नसत.

"वरचं टोक मुलाच्या कमरेच्या हाडापर्यंत आलं, की बसलं माप," असं म्हणून दुकानदारानं एक लहानशी स्टिक काढून माझ्या बाजूला उभी केली. ती बरोबर कमरेशी आली. मी ती हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू मला माझ्या मापाची मिळत होती. मी नुसती जमिनीवर टेकवली तर ती माझ्याच हाताचं पुढचं बोट असल्यासारखी वाटली.

अण्णांनी विचारलं, "ही किती दिवस पुरेल?"

"वर्ष, दीड वर्ष. पोर वाढतंय."

"किंमत?"

"सोळा रुपये."

"आणि पूर्ण मापाची?"

"अठरा."

सोळा रुपयांत दीड वर्ष आणि अठरा रुपयांत आयुष्यभर! या हिशेबापुढे कुठलाही कारकून टिकणं शक्य नव्हतं, आणि अण्णा तर हिशेब खात्यात होते. सदतीस इंची स्टिक कागदात गुंडाळली गेली. तिचं वरचं टोक माझ्या छातीला लागत होतं. "आयुष्यभर पुरेल बघ," अण्णा रस्त्यात म्हणाले. ती स्टिक खांद्यावर टाकून मी घरी निघालो तेव्हा मागून येणारे दोन सायकलवाले घंटी वाजवून वाकले.

शाळेत निवड होती. हॉकीत वाकून खेळावं लागतं आणि चेंडू पायांच्या पुढे ठेवावा लागतो, हे मला तिथे कळलं. मी वाकलो की स्टिकचं टोक पोटात रुते. ते चुकवायला ताठ उभा राहिलो तर चेंडू इतका लांब जाई, की त्याच्याशी पत्रव्यवहारच करावा लागला असता. हात खाली सरकवून धरली तर उरलेला दांडा कोपराखालून बाहेर निघे आणि शेजारच्या मुलाला लागे. पंधरा मिनिटांत मी आमच्याच बाजूचे तीन खेळाडू जायबंदी केले. खेळाचे मास्तर शिट्टी तोंडातून काढून म्हणाले, "अरे, तू तिला खेळवतोयस की ती तुला?" मैदान हसलं. मला राखीव नेमलं. राखीव खेळाडूचं काम मध्यंतरात लिंबाच्या फोडी वाटायचं.

घरी येऊन मी अण्णांना एवढंच म्हटलं, "सुताराकडून वरून चार बोटं कापून आणू या."

"कापायची?" अण्णा दचकले. चांगली वस्तू कापणं हे त्यांच्या लेखी चालता पंखा विहिरीत टाकण्यासारखं होतं. "अरे, थोडा दम धर. तू वाढशील ना." त्या दिवशी मी जेवलो नाही. अण्णाही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, शेजारी स्टिक उभी केली आणि पेन्सिलीनं दोन खुणा केल्या. एक माझ्या कमरेची, एक स्टिकच्या टोकाची. मग दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, पगार आणून देवापुढे ठेवला, की ते माझी कमर मोजत. अर्धा बोट जरी वर सरकली तरी आईला हाक मारून दाखवत. मला त्या चौकटीचा राग यायचा. दोन खुणांमधलं ते अंतर म्हणजे माझ्या हॉकीतलं अंतर होतं, आणि ते दरमहा सुतासुतानं कमी होत होतं.

पुढच्या काही वर्षांत आमच्या वाड्यापासून दीड-दोन तासांच्या चालीवर, खडकीला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत एक पोरगा मोठ्यांनी टाकून दिलेल्या मोडक्या स्टिका घेऊन हॉकी शिकत होता. त्याचं नाव धनराज पिल्लै. तो चार ऑलिंपिक खेळला. मला पुष्कळदा वाटतं, माझीही स्टिक मोडकी असती तर बरं झालं असतं. निदान आखूड तरी झाली असती.

मी वाढत होतो तसा हॉकीचा खेळही बदलत होता. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली. हिरवळीवर मनगटाची जादू करणारे आपण तिथे सातवे आलो. आमच्या चौकटीवर तेव्हा तीन बोटं बाकी होती. १९८०च्या जुलैत मॉस्कोला भारतानं पुन्हा सुवर्णपदक जिंकलं, आणि त्याच सुमारास एका पहिल्या तारखेला माझी कमर स्टिकच्या खुणेवर पोचली. अण्णा आनंदानं म्हणाले, "बघ! म्हटलं नव्हतं? अगदी मापात!" मी तेव्हा अकरावी सायन्सला होतो. स्टिक माझ्या मापाची झाली होती, पण पाच वर्षं लिंबाच्या फोडी वाटणारा आता हॉकीच्या मापाचा राहिला नव्हता. मी हो म्हणालो आणि क्लासला गेलो.

त्यानंतर त्या स्टिकनं खेळ सोडून बाकी सगळं केलं. तिनं कैऱ्या पाडल्या, कौलांवरचे पतंग काढले, पापडांवरचे कावळे हाकले, कोळिष्टकं काढली. अडसर छत्रीच्या सामन्यात जायबंदी झाला होता, त्याच्या जागी ती दाराला लागली. वाडा पडला, आम्ही फ्लॅटमध्ये आलो, चौकट जळाऊ लाकडाच्या भावात गेली. स्टिक आमच्याबरोबर आली. अण्णांनाही जाऊन आता वीस वर्षं झाली. ती स्टिक पलंगाखाली होती, आणि तक्रार बरणीत.

आणि आता नातीनं जाहीर केलं, "आबा, मी हॉकी खेळणार." ती दहा वर्षांची आहे. शाळेत हॉकी सुरू झाली आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला आपल्या पुरुष संघानं स्पेनला दोन-एकनं हरवून कांस्यपदक मिळवलं, तो सामना तिनं माझ्या मांडीवर बसून पाहिला होता. दोन-एक हा आकडा ऐकला की मी तसाही हळवा होतो. आमच्या सौभाग्यवतींनी निघताना बजावलं, "अहो, ती डावरी आहे, लक्षात ठेवा. डाव्या हाताची बघून आणा." आमची नात डाव्या हातानं लिहिते, डाव्या हातानं जेवते. तिच्या पणजीनं पाहिलं असतं तर पहिल्या घासालाच हातावर चापट बसली असती. पण आता दिवस बदलले. आम्ही तिच्यासाठी डावखुरी कात्रीसुद्धा आणली आहे. मग काठी का नको?

दुकानात क्रिकेटच्या बॅटींच्या जंगलामागे चार स्टिका उभ्या होत्या. विक्रेता मुलगा विशीतला. त्यानं विचारलं, "काका, कार्बन किती टक्के पाहिजे?"

मला वाटलं, तो हवेच्या प्रदूषणाबद्दल बोलतोय. पण नाही. तुती आणि वेत आता मागे पडले. स्टिक कार्बनच्या आणि काचेच्या धाग्यांची असते. कार्बन जितका जास्त तितकी स्टिक ताठ, आणि फटका तितका जोरदार. पण चेंडू अडवायला गेलं तर तोही तितक्याच जोरात उडून जातो. म्हणून शिकणाऱ्यानं कमी कार्बनची घ्यावी, नाहीतर सरळ लाकडी. हे मला लगेच पटलं. आमच्या कचेरीत नव्वद टक्के कार्बनचे एक साहेब होते. त्यांच्यापुढे कुठलीही फाईल थांबायची नाही, आली तशी उडून परत यायची.

"आणि बो कुठला? लो की मिड?" बो म्हणजे स्टिकच्या लांबीला दिलेला बाक. तो खालच्या अंगाला असला की चेंडू ओढून भिरकावायला सोपा, मध्ये असला की सगळ्याच कामाला बरा. नियमानं हा बाक २५ मिलिमीटरहून जास्त चालत नाही. माझ्या पाठीचा याहून जास्त असेल. वजन ७३७ ग्रॅमच्या वर चालत नाही. पोरांना त्याहून पुष्कळ हलकी लागते. शिवाय अख्खी स्टिक ५१ मिलिमीटर व्यासाच्या कड्यातून आरपार गेली पाहिजे. लग्नात वधूच्या हातात बांगडी भरताना कासारीण काय कसरत करते ते मी पाहिलं आहे. इथे बांगडीत नवरीच भरायची! मुलानं पहिली स्टिक हातात दिली. किंमत पाहिली. माझी पहिली स्कूटर एवढ्याला आली नव्हती, आणि तिला दोन चाकं होती.

मी म्हटलं, "ते राहू दे. आधी डाव्या हाताच्या दाखव."

त्यानं मालकांकडे पाहिलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "डाव्या हाताची हॉकी नसतेच हो," ते म्हणाले. मला वाटलं, नेहमीप्रमाणे पुण्यातलं दुकान म्हणतंय, की संपली. पण खरोखरच नसते. हॉकीची स्टिक एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं गोल. चेंडूला लावायची ती डावीकडची सपाट बाजू. गोल बाजू लागली की फाऊल. आणि नियमात उलट्या स्टिकला जागाच नाही. क्रिकेटमध्ये डावरा फलंदाज उलटा उभा राहतो, आणि लोक त्याच्या नजाकतीवर लेख लिहितात. हॉकीत सगळ्या जगानं एकाच बाजूनं खेळायचं. मला अन्याय झाल्यासारखं वाटलं. मी तिथूनच नातीच्या शाळेतल्या हॉकीच्या बाईंना फोन लावला आणि जवळजवळ भांडलोच.

त्या हसल्या. "आजोबा, स्टिकच्या टोकाला वर कुठला हात धरतात?"

"कुठला?"

"डावा. सगळ्यांनीच. स्टिक फिरवायची, उलटवायची ती डाव्या हातानं. उजवा खाली नुसता आधाराला, तोही सैल. उजव्या हाताच्या मुलांचा उजवा हात गप्प बसवण्यातच माझे सहा महिने जातात. तुमची नात आयती तयार आहे."

म्हणजे काठी उजव्यांची, पण कारभार डाव्याकडे! ही व्यवस्था मला नवी नव्हती. आमच्या घराच्या कागदपत्रांवर सही माझी असते. कारभार कोणाकडे आहे, ते वर आलंच आहे.

एवढा उलगडा झाल्यावर फक्त मापाचा प्रश्न उरला. मुलानं एक लाकडी, चौतीस इंची स्टिक काढली आणि नातीच्या शेजारी उभी केली. ती बरोबर कमरेच्या हाडाशी आली. नातीनं डावा हात वर, उजवा खाली असा धरून ती फरशीवर टेकवली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी ओळखलं. ती स्टिक म्हणजे तिच्याच हाताचं पुढचं बोट झालं होतं.

आणि त्याच क्षणी माझ्या तोंडून शब्द निघाले, "ही किती दिवस पुरेल?"

"वर्षभर. हाईट वाढतीय ना."

"मग जरा वाढत्या अंगाची दाखव. सदतीस इंची आहे का?"

आवाज माझा होता, पण बोलले अण्णा. मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून. मी हातातली स्टिक कानाशी धरलेली होती, हे मला समोरच्या आरशात दिसलं.

पन्नास वर्षं मला वाटत आलं होतं, की अण्णांनी दोन रुपयांसाठी माझी हॉकी घालवली. त्या आरशापुढे हिशेब वेगळा दिसायला लागला. माझी नात वर्षभर खेळेल, मग कदाचित कंटाळून चित्रकलेला जाईल, असं मला एकदाही वाटलं नाही. ती शाळेत खेळेल, कॉलेजात खेळेल, वाढेल, हीच स्टिक तिला पुरेल, असंच मला मनापासून दिसत होतं. अण्णांनाही तसंच दिसलं असणार. जास्तीच्या दोन रुपयांत त्यांनी माझी पुढची सगळी हॉकी विकत घेतली होती. तिच्यावर माझ्यापेक्षा त्यांचा भरवसा जास्त होता. चूक झाली ती एवढीच, की पुढची सगळी हॉकी घेताना त्या रविवारची राहून गेली.

नात माझा शर्ट ओढत म्हणाली, "आबा, पण मला ह्या शनिवारी खेळायचंय."

मी चौतीस इंची घेतली. मुलगा प्रामाणिक होता. बिल करताना पुन्हा म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी लहान पडेल हां."

"पडू दे," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी पुन्हा येऊ." माझ्या वयाला पुढच्या वर्षीचं एखादं काम हातात असलेलं बरं असतं. बैठकीच्या खोलीच्या चौकटीवर आता पेन्सिलीच्या दोन खुणा झाल्या आहेत. नव्या रंगावर रेघा ओढल्याबद्दल मी बोलणीही खाल्ली आहेत. पण या दोन खुणा आज एकाच उंचीवर आहेत. त्यांच्यात अंतर पडलं की दुकान गाठायचं.

राहता राहिली अण्णांची स्टिक. मध्यंतरी माझे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी चालताना काठी वापरा म्हणून सांगितलं. काठी विकत आणायच्या बेतात होतो, तेवढ्यात पलंगाखालची आठवण झाली. छत्रीची हॉकी करता येते, तर हॉकीची काठी का नाही? उलटी केली, खाली रबरी बूच बसवलं. तुतीचं ते वाकडं डोकं मुठीत असं बसलं, की जणू त्यासाठीच घडवलं होतं. रेषा अजूनही वाकणाबरोबर नीट वळलेल्या आहेत. पन्नास वर्षांत कुठे चीर नाही. रोज सकाळी ती घेऊन टेकडीवर जातो. कुत्री लांबूनच नमस्कार करतात. नवखे लोक वाट सोडून उभे राहतात. त्यांना वाटतं, म्हातारा किरकोळ वादातून मारहाण करायला निघाला आहे.

आयुष्यभर पुरेल, असं अण्णा म्हणाले होते. पुरली. फक्त चालायच्या काठीच्या हिशेबानं ती अजून चार बोटं मोठी आहे. परवा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, सुताराकडून कापून का आणत नाही?"

"कापायची?" मी दचकलो. "थोडा दम धर. बसेल मापात."